पूर्व आफ्रिकेतील गुलाम-व्यापाराचे निर्मूलन आणि मुंबई इलाखा : नाशिकच्या शरणपूर वसाहतीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील गुलामांच्या व्यापाराच्या निर्मूलनाचा इतिहास सामान्यतः अटलांटिक महासागराच्या संदर्भात अभ्यासला जातो. विल्बरफोर्स यांची इंग्लंडमधील चळवळ, १८०७ चा ब्रिटिश कायदा आणि अमेरिकेतील यादवी युद्ध हे त्यातील परिचित टप्पे होत. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तान, इराणचे आखात आणि हिंदुस्थानचा पश्चिम किनारा यांच्याकडे चालणाऱ्या व्यापाराकडे अभ्यासकांचे लक्ष त्यामानाने उशिरा वळले. डी. आर. बनाजी यांनी १९३० च्या दशकात मुंबई व सिद्दी यांच्या संबंधांवर आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील गुलामगिरीवर ग्रंथ लिहिले. जोसेफ हॅरिस यांनी १९७१ मध्ये आशियातील आफ्रिकी लोकांचा इतिहास मांडला, तर अब्दुल शेरीफ यांनी १९८७ मध्ये झांझिबारच्या अर्थकारणाची चिकित्सा केली. मराठीत मात्र आफ्रिकी लोकांविषयीची चर्चा बहुधा मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यापाशी येऊन थांबते.

दिनांक १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा दफनविधी झाला. शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत हेन्री स्टॅन्ली आणि झांझिबारचे ब्रिटिश वकील जॉन कर्क यांच्याबरोबर जेकब वेनराइट नावाचा एक आफ्रिकी तरुण होता. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, ब्रिटिश जहाजाने सोडवलेला हा तरुण नाशिकजवळच्या शरणपूर येथे शिकलेला होता. पूर्व आफ्रिकेतील एक मुलगा नाशिकला कसा आला आणि तेथून तो पुन्हा आफ्रिकेत कसा गेला, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुंबई इलाख्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण समोर येते.

प्रस्तुत लेखात तीन मुद्द्यांचा विचार केला आहे. पहिला, या व्यापारात मुंबईचे स्थान नेमके काय होते? दुसरा, समुद्रावर सोडवलेल्या माणसांना मुंबईत कोणत्या प्रकारचे स्वातंत्र्य मिळाले? आणि तिसरा, निर्मूलनाच्या कार्यात या मुक्त माणसांचा स्वतःचा वाटा कोणता? कायदे व तह यांनी 'मुक्ती'चा जो अर्थ निश्चित केला होता, त्याच्या पुढे जाण्याचे काम मुक्त झालेल्या आफ्रिकी व्यक्तींनीच केले, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

हिंदी महासागरातील गुलाम-व्यापार

आफ्रिका आणि पश्चिम भारत यांच्यातील संबंध प्राचीन आहेत. मध्ययुगात दख्खनच्या सुलतानशाह्यांत आफ्रिकेतून आणलेले हबशी गुलाम सैन्यात दाखल होत आणि कर्तबगारीच्या बळावर उच्चपदी पोहोचत. १६२६ मध्ये निधन पावलेला मलिक अंबर हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. अर्थात गुलामगिरी ही केवळ परदेशातून आलेली गोष्ट होती असे नव्हे. पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आढळतात. म्हणजेच माणसाची मालकी ही कल्पना मराठी समाजाला अपरिचित नव्हती.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतील व्यापाराचे स्वरूप बदलले. ओमानचे सुलतान सय्यद सैद यांनी आपले मुख्य ठाणे मस्कतहून झांझिबारला हलवले आणि तेथे लवंगेच्या मळ्यांचा विस्तार झाला. मळ्यांना मजूर हवे होते, युरोप-अमेरिकेला व हिंदुस्थानला हस्तिदंत हवे होते. न्यासा सरोवराच्या परिसरातून माणसांचे तांडे किनाऱ्यावरील किल्वा बंदरापर्यंत चालवत आणले जात व तेथून गलबतांनी झांझिबारच्या बाजारात पोहोचवले जात. जकातीच्या नोंदींप्रमाणे १८६२ ते १८६७ या काळात एकट्या किल्व्याहून सुमारे ९७ हजार गुलाम बाहेर गेले. त्यांपैकी सुमारे ७७ हजार झांझिबारला आले. वाटेत मरण पावलेल्यांची आणि जकात चुकवून नेलेल्यांची गणना या आकड्यांत नाही.

हा व्यापार मोसमी वाऱ्यांवर चालत असे. हिवाळ्यात ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर अरबस्तानची गलबते दक्षिणेस येत आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की माल व माणसे घेऊन उत्तरेस परतत. याच वाऱ्यांनी मुंबई, कच्छ आणि काठेवाड ही बंदरेही झांझिबारशी जोडली गेली होती.

कायदे आणि त्यांतील मर्यादा

ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बेकायदेशीर ठरवला आणि १८११ मध्ये तो गंभीर फौजदारी गुन्हा केला. मुंबई सरकारनेही १८१३ च्या विनियमाने परदेशातून गुलाम आणण्यास मनाई केली. तथापि १८३३ च्या ज्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी रद्द झाली, त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळण्यात आला होता. हिंदुस्थानातील गुलामगिरी ही येथील धर्म व कुटुंबव्यवस्था यांचा भाग आहे आणि तिच्यात हस्तक्षेप केल्यास असंतोष माजेल, अशी भीती राज्यकर्त्यांना वाटत होती.

पुढे १८४३ चा पाचवा कायदा आला. त्याने गुलामगिरीला गुन्हा ठरवले नाही. एखादी व्यक्ती दुसऱ्याची मालमत्ता आहे हा दावा न्यायालयात ग्राह्य धरला जाणार नाही, एवढीच तजवीज त्यात होती. मालकाला शिक्षा नव्हती. गुलामाने घर सोडले तर त्याला कायद्याने परत आणता येणार नव्हते, पण घर सोडून जायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नव्हते. गुलामांची खरेदी, विक्री व आयात हे दंडनीय अपराध झाले ते १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७० व ३७१ या कलमांनी, आणि त्यांचा अंमल १ जानेवारी १८६२ पासून सुरू झाला. १८०७ च्या कायद्यापासून येथवर येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

तह आणि समुद्रावरील गस्त

झांझिबार हा परकीय मुलूख असल्याने तेथे कायद्याऐवजी तहाचा मार्ग अवलंबावा लागला. १८२२ च्या मोर्सबी तहान्वये सुलतानाने ख्रिस्ती सत्तांच्या प्रजेला गुलाम विकण्यास बंदी मान्य केली. केप डेलगाडोपासून सोकोत्रा बेटाच्या पूर्वेकडून थेट काठेवाडच्या दीव टोकापर्यंत समुद्रात एक काल्पनिक रेषा आखण्यात आली. त्या रेषेच्या पूर्वेस गुलामांसह सापडणारे गलबत पकडण्याचा अधिकार ब्रिटिशांना मिळाला. रेषेच्या पश्चिमेस मात्र व्यापार पूर्ववत चालू राहिला. १८३९ मध्ये ही रेषा मकरान किनाऱ्यापर्यंत सरकवण्यात आली.

१८४५ च्या तहाची बोलणी कॅप्टन अॅटकिन्स हॅमर्टन यांनी केली. ते ब्रिटिश सरकारचे वकील होते, तसेच ईस्ट इंडिया कंपनीचेही प्रतिनिधी होते. झांझिबारविषयीचा पत्रव्यवहार प्रदीर्घ काळ मुंबई सरकारमार्फत चालत असे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. या तहाने १ जानेवारी १८४७ पासून सुलतानाच्या आफ्रिकी मुलखातून बाहेर गुलाम पाठवण्यास बंदी आली. परंतु मुलखाच्या अंतर्गत, म्हणजे किल्व्यापासून लामूपर्यंतच्या किनाऱ्यावर, वाहतुकीस मोकळीक राहिली. परिणामी गलबते लामूपर्यंत उजळ माथ्याने जात आणि तेथून नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आखाताकडे निसटत.

समुद्रावरील गस्तीचे काम प्रथम मुंबईत तळ असलेल्या कंपनीच्या आरमाराने आणि १८६३ मध्ये ते बरखास्त झाल्यावर ब्रिटिश शाही नौदलाने केले. पकडलेले गुलाम आणि जप्त गलबताचे वजन यांच्या हिशेबाने खलाशी व अधिकाऱ्यांना बक्षीस मिळत असे. साहजिकच निर्दोष गलबतेही जाळली गेल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. मानवी सहानुभूती आणि बक्षिसाची आशा या दोन्ही प्रेरणा एकाच गस्तीत नांदत होत्या.

मुंबईचे भांडवल आणि झांझिबार

मुंबई हे गुलाम-व्यापाराच्या विरोधाचे जसे केंद्र होते, तसे त्या व्यापाराला आधार देणाऱ्या अर्थव्यवस्थेचेही एक टोक होते. झांझिबारच्या जकातीचा मक्ता १८३० च्या दशकापासून प्रदीर्घ काळ जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. बंदरात उतरणाऱ्या लवंगेवर व हस्तिदंतावर जशी जकात पडे, तशी गुलामांवरही डोईमागे पडे. आफ्रिकेच्या अंतर्भागात जाणाऱ्या काफिल्यांना कापड व मणी उधारीवर पुरवणारे व्यापारी बहुसंख्येने हिंदी होते. हे व्यापारी स्वतः गुलाम पकडत नसत, परंतु त्यांच्या उधारीवाचून काफिला निघत नसे. काफिल्याने आणलेले हस्तिदंत मुंबईच्या बाजारात येई. त्याचा मोठा भाग विवाहप्रसंगी घालावयाच्या बांगड्यांसाठी वापरला जाई. आफ्रिकेच्या अंतर्भागातील हिंसा अशा रीतीने पश्चिम भारतातील मंगलकार्यापर्यंत येऊन पोहोचत होती.

झांझिबारमधील अनेक हिंदी कुटुंबांकडे घरकामासाठी व मळ्यांसाठी गुलाम होते. १८५८ मध्ये वकील म्हणून आलेल्या ख्रिस्तोफर रिग्बी यांनी १८६० पासून ब्रिटिश प्रजाजन असलेल्या हिंदी व्यापाऱ्यांना गुलाम सोडण्यास भाग पाडले आणि हजारो गुलामांना मुक्तिपत्रे दिली. या कारवाईने एक कायदेशीर पेच उभा राहिला. कच्छचे व्यापारी हे कच्छच्या रावांचे प्रजाजन होते. संस्थानी प्रजेला ब्रिटिश प्रजा मानावे काय, यावर मुंबई, कलकत्ता आणि लंडन यांच्यात वाद झाला. १८६० च्या दशकाच्या अखेरीस कच्छच्या रावांनी जाहीरनामा काढून झांझिबारमधील आपल्या प्रजेचा प्रश्न ब्रिटिश वकिलाच्या अधिकारात दिला, तेव्हा ही पळवाट बऱ्याच अंशी बंद झाली.

या प्रकरणात व्यापाऱ्यांना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ब्रिटिश व अमेरिकन पेढ्याही याच लवंगेच्या व हस्तिदंताच्या व्यापारात होत्या आणि त्यांचा माल याच उधारीच्या साखळीतून येत होता. व्यापाराचा नफा सर्वांना हवा होता. त्याची नैतिक जबाबदारी मात्र प्रत्येक जण दुसऱ्यावर टाकत होता.

'मुक्त' माणसांचे काय झाले?

गलबत पकडल्यानंतर त्यातील माणसांचे काय करायचे, हा प्रश्न तहांच्या मसुद्यांत दुय्यम होता. त्यांना पकडलेल्या ठिकाणी सोडल्यास ती पुन्हा विकली जाण्याची खात्रीच असे. म्हणून त्यांना एडन, मुंबई, मॉरिशस आणि पुढे सेशेल्स येथे नेण्यात येई. मुंबईत उतरवलेली माणसे पोलिसांच्या ताब्यात दिली जात. त्यांत मुलांचे प्रमाण मोठे होते. पोलीस कचेरीतून काही मुले प्रतिष्ठित कुटुंबांकडे नोकर म्हणून, तर काही मिशनऱ्यांच्या अनाथगृहांत ठेवली जात. प्रौढ पुरुषांपैकी अनेक जण जहाजांवर खलाशी झाले. आगबोटींच्या भट्ट्यांपुढे कोळसा ओढणारे 'सिदी' खलाशी हे पुढे मुंबई बंदराचे नेहमीचे दृश्य बनले.

या व्यवस्थेत मुक्त व्यक्तीची इच्छा विचारण्याची पद्धत नव्हती. घरी ठेवलेल्या मुलीला वेतन मिळते की नाही, तिला घर सोडण्याची मुभा आहे की नाही, यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा तुटपुंजी होती. दिवाणखान्यात पंखा ओढणाऱ्या मुलाला मालक बदलल्याचे कळत असेल, पण तो स्वतंत्र झाल्याचे कितपत जाणवत असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. सरकारी दप्तरात मात्र अशा प्रत्येक व्यक्तीची नोंद 'मुक्त' अशीच होत होती.

शरणपूरची वसाहत

याच पार्श्वभूमीवर नाशिकजवळील शरणपूरचा विचार करावा लागतो. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकाच्या मध्यास ही ख्रिस्ती वसाहत वसवली. मुंबईत आफ्रिकी मुलांना शिकवण्याचे काम करणारे आणि पूर्वी अॅबिसिनियात राहिलेले चार्ल्स विल्यम आयझेनबर्ग यांचाही या कार्यात वाटा होता. १८६० च्या सुमारास येथे मुक्त आफ्रिकी मुलांसाठी आश्रयगृह सुरू झाले. लेखन-वाचनाबरोबरच सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हस्तव्यवसाय शिकवले जात. 'शरणपूर' या नावातच आश्रयाचा अर्थ आहे. नाशिकमधील शरणपूर रोड हे नाव आजही नित्य वापरात असले, तरी त्यामागील आफ्रिकी संदर्भ बहुतेकांना ठाऊक नसतो.

या वसाहतीचे स्वरूप दुहेरी होते. एका बाजूने येथे मुलांना साक्षरता, हस्तकौशल्य आणि परस्परांचा सहवास मिळाला. पोलीस कचेरीतून खाजगी घरात गेलेल्या मुलांना यांपैकी काहीच मिळत नव्हते. दुसऱ्या बाजूने त्यांची मूळ नावे, भाषा आणि श्रद्धा पुसल्या गेल्या. याओ समाजात जन्मलेला चेंगविम्बे येथे मॅथ्यू वेलिंग्टन झाला. जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, जॉर्ज डेव्हिड या नावांवरून त्या व्यक्तींच्या जन्मभूमीचा कोणताही माग लागत नाही. युरोपीय नाव, आफ्रिकी देह आणि मराठी मुलखातील बालपण अशी त्यांची ओळख घडली. पुढे पूर्व आफ्रिकेत त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हटले जाऊ लागले. म्हणजे मायदेशी परतल्यावरही ते मुंबईचेच मानले गेले.

लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमेतील नाशिकचे तरुण

डेव्हिड लिव्हिंग्स्टन जून १८६४ मध्ये 'लेडी न्यासा' ही आपली छोटी आगबोट घेऊन हिंदी महासागर ओलांडून मुंबईस आले. त्यांच्यासोबत चुमा आणि विकतानी ही मुले होती. १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवलेल्या या मुलांना त्यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. पुढील वर्षी मुंबईस परतल्यावर त्यांनी आफ्रिकेतील नव्या मोहिमेची तयारी केली. तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी तीस साहाय्य केले. जानेवारी १८६६ मध्ये ते मुंबईहून झांझिबारला निघाले, तेव्हा त्यांच्या तुकडीत चुमा व विकतानी यांच्याखेरीज मुंबईच्या सागरी पलटणीतील १३ जण आणि नाशिकचे ९ तरुण होते.

मोहीम खडतर ठरली. सागरी पलटणीतील शिपायांना लवकरच परत पाठवावे लागले. नाशिकच्या तरुणांविषयीही लिव्हिंग्स्टन यांची दैनंदिनी अनेकदा नाराजीने बोलते. ते आळशी आहेत, ओझी वाहण्यास नाखूश आहेत, असा तिचा सूर आहे. तथापि या नोंदी मालकाच्या दृष्टीने लिहिलेल्या आहेत, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे. सुतारकाम व लेखन शिकलेल्या तरुणांनी हमालीस नाखुशी दाखवली, तर त्यामागे आळसापेक्षा आत्मसन्मान असू शकतो. शिवाय ज्या वाटेवरून त्यांना बालपणी साखळीने बांधून आणले होते, त्याच वाटेवर ते आता पुन्हा चालत होते.

स्टॅन्ली यांनी १८७२ मध्ये पाठवलेल्या मदतीच्या तुकडीबरोबर जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आदी नाशिकचे आणखी काही तरुण लिव्हिंग्स्टन यांना येऊन मिळाले. मे १८७३ च्या आरंभी चितांबो यांच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. चुमा, सुसी आणि इतर सहकाऱ्यांनी त्यांचा देह किनाऱ्यावर नेण्याचा निर्णय घेतला. हृदय तेथेच पुरण्यात आले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती वेनराइट यांनी, आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यांनीच. सुमारे नऊ महिन्यांच्या प्रवासानंतर हा जथा बागामोयो येथे पोहोचला. या वाटचालीस कोणा युरोपीय अधिकाऱ्याचा हुकूम नव्हता. निर्णय, नियोजन आणि अंमलबजावणी हे सर्व पूर्वाश्रमीच्या गुलामांचे व त्यांच्या आफ्रिकी सोबत्यांचे होते. लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूच्या वार्तेने व त्यांच्या दैनंदिनीने ब्रिटनमध्ये गुलाम-व्यापाराविरुद्ध लोकमत अधिक प्रक्षुब्ध झाले. ही दैनंदिनी या लोकांनी जपून आणली नसती, तर तो परिणाम घडला नसता.

१८७३ चा तह आणि फ्रिअरटाउन

दरम्यान ब्रिटिश संसदेच्या समितीने १८७१ मध्ये पूर्व आफ्रिकेतील व्यापाराची चौकशी केली होती. तिच्या शिफारशींनंतर बार्टल फ्रिअर यांना झांझिबारला पाठवण्यात आले. मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडून शहराचा विस्तार करणारे म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. त्यांच्यासमोर बसलेले सुलतान बरघश यांनाही मुंबई नवी नव्हती. १८५९ मध्ये भावाविरुद्धचा उठाव फसल्यावर ब्रिटिशांनी त्यांना काही काळ मुंबईतच ठेवले होते. १८७२ च्या वादळात लवंगेचे मळे उद्ध्वस्त झालेले असताना मजुरांचा पुरवठा बंद करणे सुलतानाला मान्य होण्यासारखे नव्हते. फ्रिअर यांच्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या. अखेर नौदलाच्या नाकेबंदीची धमकी मिळाल्यावर ५ जून १८७३ रोजी जॉन कर्क यांच्याशी तह झाला. समुद्रमार्गे गुलामांची वाहतूक बंद झाली आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार उठला. हिंदी प्रजाजनांना गुलाम बाळगण्यास मनाई झाली.

या तहाने व्यापार बंद झाला, गुलामगिरी नव्हे. मळ्यांवरील व घरांतील गुलाम पूर्वीप्रमाणेच गुलाम राहिले. नव्याने सोडवल्या जाणाऱ्यांसाठी वसाहत हवी होती. त्यासाठी शरणपूरचा अनुभव असलेले प्राइस १८७४ च्या अखेरीस मोंबासाला गेले आणि १८७५ मध्ये तेथे 'फ्रिअरटाउन' वसवण्यात आले. नाशिक-मुंबईकडील सुमारे दीडशे आफ्रिकी स्त्री-पुरुष तेथे गेले. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे म्हणून नव्या वसाहतीची उभारणी त्यांनी केली, आणि शरणपूरचे आश्रयगृह ओस पडले.

यापुढील घटना विशेष महत्त्वाची आहे. मोंबासाजवळील रबाई येथे विल्यम जोन्स यांच्या देखरेखीखाली असलेल्या मिशनच्या वस्तीत किनाऱ्यावरील मळ्यांतून पळालेले गुलाम आश्रयास येऊ लागले. तहाप्रमाणे हे गुलाम त्यांच्या मालकांचे होते. त्यांना आश्रय देऊ नये, अशी सूचना ब्रिटिश अधिकारी मिशनला देत होते. तरीही लोक येत राहिले व त्यांना घालवून देण्यात आले नाही. १८८८ मध्ये मालकांनी वस्तीवर हल्ल्याची तयारी केली, तेव्हा नव्याने आलेल्या ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे प्रतिनिधी जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई देऊन हा प्रश्न मिटवला. १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे पळालेल्या गुलामांना मुक्तिपत्रे देण्यात आली. ज्यांना स्वतः गुलामगिरीतून सोडवले गेले होते, त्यांच्या आश्रयाने कायद्याला आपली मर्यादा ओलांडावी लागली.

झांझिबारमध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली ती १८९७ मध्ये, आणि केनियाच्या किनाऱ्यावर १९०७ मध्ये. 'बॉम्बे आफ्रिकन' मंडळींचा मिशनमधील वेतनभेदाविरुद्धचा व दुय्यम वागणुकीविरुद्धचा संघर्षही या काळात चालू होता. जोन्स व सेम्लर यांना १८८५ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, तरी युरोपीय सहकाऱ्यांच्या बरोबरीचे स्थान त्यांना मिळाले नाही. लिव्हिंग्स्टन यांच्या मोहिमेचे अखेरच्या साक्षीदारांपैकी एक असलेले मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबासा येथे निवर्तले.

निष्कर्ष

झांझिबारचा तह झाला त्याच वर्षी, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केलेला आहे. शूद्रातिशूद्रांच्या दास्याची तुलना फुले यांनी दूरच्या खंडातील दास्याशी केली. त्याच मुंबई इलाख्यात, नाशिकजवळ, आफ्रिकेतील मुक्त गुलामांची वसाहत नांदत होती. केवळ कायद्याने बंधन तोडल्याने माणूस स्वतंत्र होत नाही, त्यासाठी विद्या व आत्मसन्मान लागतो, हा फुले यांचा विचार आणि शरणपूरच्या तरुणांचा अनुभव यांत लक्षणीय साम्य आहे.

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, गुलाम-व्यापाराच्या निर्मूलनात मुंबई ही केवळ परोपकारी भूमिकेत नव्हती. व्यापाराचे भांडवल, हस्तिदंताची बाजारपेठ, आरमारी गस्त आणि मुक्त माणसांचा आश्रय ही सर्व सूत्रे एकाच बंदरात एकत्र आली होती. दुसरा, कायद्यांनी व तहांनी प्रथम समुद्रावरील व्यापारास हात घातला आणि घरांतील व मळ्यांतील दास्य शक्य तितके पुढे ढकलले. मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपल्यावर तेथील मळ्यांवर करारबद्ध हिंदी मजूर नेण्यात आले व त्यांत मराठी भाषकही होते, ही बाब याच धोरणाची दुसरी बाजू दाखवते. तिसरा निष्कर्ष असा की, सोडवले गेलेले लोक हे उपकाराचे मूक लाभार्थी नव्हते. चितांबोच्या गावापासून बागामोयोपर्यंतची वाटचाल आणि रबाई येथील आश्रय ही त्यांच्या स्वतंत्र कर्तृत्वाची उदाहरणे आहेत.

मोंबासाच्या उत्तरेस फ्रिअरटाउनची जुनी घंटा अद्याप उभी आहे. स्वाहिली भाषेत त्या परिसराला घंटेवरूनच 'केंगेलेनी' असे नाव पडले आहे. नाशिकमध्ये शरणपूर हे नाव उरले आहे. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात वसाहतकालीन महाराष्ट्राचा इतिहास शिकवताना ही दोन स्थळे एकमेकांशी जोडून दाखवणे सहज शक्य आहे. स्थानिक इतिहास आणि जागतिक इतिहास यांची वेगवेगळी दालने कल्पिण्याची सवय त्यामुळे कमी होईल आणि जेकब वेनराइट, विल्यम जोन्स व मॅथ्यू वेलिंग्टन यांना महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांचे स्थान मिळेल.